स्वयंपाकघराचं काम काढताय? ठेकेदार निवडताना या चुका टाळा

अर्धवट फोडलेला ओटा, बाहेरच्या खोलीत मांडलेली शेगडी आणि फोन न उचलणारा ठेकेदार. हे चित्र ओळखीपाळखीत इतक्यांदा पाहिलंय की कुणी "काम काढतोय" म्हटलं की मी आधी विचारते, अ‍ॅडव्हान्स किती दिलास?

त्याच्याही आधीची चूक म्हणजे मोबाइलवरचे फोटो पाहून माणूस पक्का करणं. काम संपल्याच्या दिवशी कुठलंही स्वयंपाकघर देखणंच दिसतं. दोन-तीन वर्षं वापरलेलं काम दाखवायला सांगा आणि स्वतः जाऊन बघा. मी गेले की पहिल्यांदा सिंकखालचं कपाट उघडते. तळाची फळी बोटाने दाबते, कडेची पट्टी सुटलीय का बघते, कुबट वास येतो का तेही. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून सोडते. घरच्यांना एकच प्रश्न विचारते: नंतर काही बिघडलं तेव्हा हा माणूस आला का आणि किती दिवसांनी? जुनं काम दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याला मी पुन्हा फोन करत नाही.

आता पैशांचं. माझ्या पहिल्या स्वयंपाकघराच्या वेळी ठेकेदार बोलायला फार गोड होता. "ताई, माल एकदम उचलला की स्वस्त पडतो" म्हणाला आणि मी निम्म्याहून जास्त रक्कम पहिल्याच दिवशी दिली. मला घाई होती, पाहुणे यायचे होते. भिंतीत पाइप टाकले त्याच संध्याकाळी गवंड्याने खाचा बुजवल्या, दुसऱ्या दिवशी टाइल्स लागल्या. काम भराभर उरकतंय म्हणून मी खूश होते. ओटा बसला, ट्रॉल्या बसल्या, उरलेले पैसेही दिले.

चारेक महिन्यांनी सिंकखालच्या कपाटाची पाठ फुगली. ठेकेदार फोनवर म्हणाला, भांडी घासताना पाणी सांडत असेल. नंतर त्याने फोन उचलणंच सोडलं. शेवटी दुसऱ्या प्लंबरकडून चार टाइल्स फोडून घेतल्या. आत एका एल्बोला, म्हणजे पाइप वळवणाऱ्या जोडाला, चिकटवायचं सोल्युशनच लावलेलं नव्हतं, पाइप नुसता दाबून बसवलेला. थेंब थेंब पाणी इतके दिवस भिंतीत मुरत होतं. ट्रॉल्या उतरवल्या, कपाटाची पाठ नवी केली आणि तशा रंगाच्या टाइल्स काही मिळाल्या नाहीत.

तेव्हापासून पाइपाची टेस्ट झाल्याशिवाय मी भिंत बुजवू देत नाही. जोड वाळले की हाताने चालवायच्या टेस्ट पंपाने पाइपात पाण्याचा दाब भरायचा, दाब दाखवणाऱ्या गेजवरचा आकडा लिहून ठेवायचा आणि रात्रभर तसंच सोडायचं. सकाळी काटा उतरला असेल तर कुठेतरी गळतंय. सांडपाण्याच्या पाइपाला मीटरमागे साधारण २ सेंमी उतार आहे ना, तेही लेव्हल लावून बघते. मग मापाची टेप धरून उघड्या भिंतींचे फोटो काढते. पुढे ड्रिल कुठे मारायचं ते त्यावरून कळतं. काम ठरवतानाच ठेकेदाराला हे सगळं सांगते. चांगला माणूस "हो, करूच" म्हणतो. "इतकी वर्षं काम करतोय, कधी गरज पडली नाही" असं उत्तर आलं की मी तिथेच थांबते.

पैसे टप्प्याटप्प्यानेच द्यायचे: फोडाफोडी आणि राडारोडा उचलून झाल्यावर, पाइप-वायरिंग तपासल्यावर, ओटा-टाइल्स झाल्यावर, फर्निचर बसल्यावर. शेवटचे किमान दहा टक्के हातात ठेवायचे. माझ्याकडे तेव्हा काही उरलं असतं तर त्याने फोन उचलला असता.

कोटेशनमध्ये एकच ठोक आकडा असेल तर परत पाठवा. "चांगला प्लाय" या शब्दाला काही अर्थ नाही. जाडी १८ मिमी, बॉइलिंग वॉटरप्रूफ (उकळत्या पाण्यातही न सुटणारा) ग्रेड, कंपनी, बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल कुठले, हे सगळं लिहून घ्या. तसं लिहिलेलं असेल तरच तीन कोटेशनांची तुलना करता येते. सगळ्यात कमी दराचं कोटेशन पाहून हुरळणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, त्यात काय धरलेलं नाही ते आधी शोधा. बहुतेक वेळा राडारोडा उचलणं आणि इलेक्ट्रिकचं काम गायब असतं.

नातेवाइकाने सुचवला म्हणून तपासणी सोडू नका. प्लंबर, इलेक्ट्रिशियन ठेकेदाराचे स्वतःचे की बाहेरचे, ते विचारा. भिंत पाडायची असेल तर ठेकेदाराच्या शब्दावर पाडू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. फ्रिज, ओव्हन, चिमणी यांची मापं वायरिंगआधी द्या. मधेच डिझाइन बदललंत तर वाढीव खर्च त्याच दिवशी लिहून घ्या, नाहीतर शेवटी भांडण ठरलेलं.

ताबा घेताना घाई करू नका. माझी सवय सांगते. सिंकखाली कोरडं वर्तमानपत्र अंथरायचं, सिंक काठोकाठ भरायचं आणि बूच काढायचं. सगळं पाणी एकदम खाली जाताना टॉर्च मारून प्रत्येक जोड बघायचा. तासाभराने पुन्हा कपाट उघडायचं. कागदावर एकही डाग नसेल, तर शेवटचा हप्ता.