टॅलीला धक्का न लावता विंडोजशेजारी लिनक्स कसं बसवायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांपासून विश्रामबागच्या फ्लॅटपर्यंत कितीतरी धडधाकट मशीनं एका दिवसात ‘जुनी’ ठरली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. हळदीच्या आणि बेदाण्याच्या सौद्यांची बिलं रोज निमूटपणे काढणारा सहाव्या पिढीचा आय-३ त्यात बसत नाही.

विंडोज उडवून सरळ लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम, टाकावं, तर हिशेबाच्या टॅलीचं काय? डिजिटल सहीच्या टोकनचं काय? लग्नपत्रिका छापणाऱ्यांचं श्रीलिपी आणि कोरलड्रॉ कुठं चालणार? त्यापेक्षा दोन्ही ठेवावं. मशीन चालू करताना कुठली सिस्टिम हवी ते विचारलं जातं. बाबांची टॅली विंडोजमध्ये, इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाचं प्रोग्रॅमिंग लिनक्समध्ये. अपडेट न मिळणारं विंडोज मग टॅलीपुरतंच उघडायचं आणि बँक, मेल, यूट्यूब असं इंटरनेटचं सगळं लिनक्सवर करायचं.

इथं लिनक्सच्या प्रकारांतलं लिनक्स मिंट धरून सांगतो, कारण विंडोजची सवय असलेल्या माणसाला ते सगळ्यात कमी बुजवतं. मिंट २२ ही मालिका उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. चार जीबी रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्या, त्याहून कमी असेल तर एक्सएफसीई.

आधी विंडोजमधली कामं

मिंट बसायला अर्धा तासही लागत नाही. जे काही बिघडतं ते बहुतेक वेळा त्याआधीच्या तयारीत कसूर राहिल्यानं, म्हणून हा भाग घाईत उरकू नका.

पहिलं काम बॅकअप. टॅलीप्राइम उघडून ऑल्ट आणि वाय दाबा, डेटा मेनूतून बॅकअप घ्या आणि ती फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो हेही तिथंच न्या. बॅकअप झाला असं समजून सोडू नका, ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून दोनचार फाइली उघडून बघा. २०१९ च्या महापुरात ज्यांच्या दुकानात पाणी शिरलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी वाढायला लागली की बाहेरची डिस्क वरच्या मजल्यावर नेणारी माणसं गावात आहेत.

दुसरं, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवून घ्या, मग एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. ही की हाताशी नसताना बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होण्याच्या, सेटिंगला हात लावला, तर विंडोज तीच मागत बसेल आणि आतला डेटा समोर असून हाती लागणार नाही.

तिसरं, फास्ट स्टार्टअप. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ असं आत जा आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ वरची खूण काढा. ती राहिली तर विंडोज पुरतं बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

चौथं, जागा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. सी किंवा डी, ज्यात जागा भरपूर रिकामी आहे त्यावर राइट क्लिक, मग ‘श्रिंक व्हॉल्यूम’. आकडा एमबीत टाकायचा असतो: ५० जीबीसाठी ५१२००, १०० जीबीसाठी १०२४००. मिंटला २० जीबी पुरतात असं लिहिलेलं असतं, पण मी ५० च्या खाली जाऊ नका म्हणेन. दीडशे जीबी रिकामे असून विंडोज बाराच जीबी द्यायला तयार झालं तर गडबडू नका. पेजफाइल आणि रिस्टोअर पॉइंट ड्राइव्हच्या मधोमध ठाण मांडून बसलेले असतात. व्हर्च्युअल मेमरी आणि सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करा, मशीन रिस्टार्ट करा, पुन्हा श्रिंक करा. आकडा बहुतेक वाढलेला दिसेल. मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीत ‘अनअलोकेटेड’ म्हणून दिसली पाहिजे. तिला फॉरमॅट करू नका, तशीच राहू द्या.

आता स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ टाइप करून ‘बायोस मोड’ समोर यूईएफआय (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिलंय की लेगसी (जुनी) ते बघून ठेवा. विंडोज ज्या पद्धतीनं बसलंय त्याच पद्धतीनं लिनक्स बसवायचं. लेगसी असेल आणि डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) आधीच असतील, तर पाचवं होणार नाही. अशा वेळी वेगळी डिस्क लावणं हाच शहाणपणा.

खरं तर डेस्कटॉप असेल तर वेगळी डिस्क हाच माझा पहिला सल्ला. एक छोटी एसएसडी घ्या, मिंट बसवताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा, काम झालं की परत लावा. मग सुरू करताना बूट मेनूतून हवी ती डिस्क निवडायची. टॅलीच्या डिस्कला कुणाचा हात लागण्याचा प्रश्नच उरत नाही.

आयएसओ आणि पेन ड्राइव्ह

आयएसओ, म्हणजे अख्खं मिंट असलेली फाइल, मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, मित्राकडे वर्षभर पडून असलेली नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या बऱ्याच मशीनवर लिनक्स सुरूच होईना. लिनक्स सुरू करून देणाऱ्या जुन्या बूटलोडरवरच बंदी आली होती. ताजी फाइल घेतली की अशा कटकटी टळतात. फाइल तीन जीबीच्या आसपास असते. नेट मधेच तुटत असेल तर टॉरेंटनं उतरवा, तो जिथं थांबला तिथून पुढं चालू होतो.

पेन ड्राइव्ह ८ जीबीचा, शक्यतो नवा. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. रूफस नावाचा छोटा प्रोग्रॅम उघडा, पेन ड्राइव्ह आणि आयएसओ निवडा. ‘सिलेक्ट’ बटणाशेजारी एक बरोबरची खूण आहे, ती दाबली की फाइलची ओळख पटवणारा एसएचए-२५६ आकडा निघतो: ६४ अक्षरं. मिंटच्या संकेतस्थळावर दिलेला आकडा आणि हा नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवून ताडून बघा. एका अक्षराचा जरी फरक असला तरी फाइल पुन्हा उतरवा. आकडा जुळला की ‘स्टार्ट’. मोड विचारला तर आयएसओ मोड.

बसवण्याआधी चालवून बघा

पेन ड्राइव्ह लावून मशीन रिस्टार्ट करा आणि लगेच बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९ किंवा आधी एस्केप, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ चालते, पण आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ती चालू करावी लागू शकते. पेन ड्राइव्ह निवडला की मिंट थेट त्याच्यावरूनच सुरू होतं. डिस्कवर अजून काहीही लिहिलेलं नाही.

एक संध्याकाळ असंच वापरा. वायफाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा बघा. प्रिंटर विसरू नका. आपल्याकडे टेबलाटेबलावर असलेला कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर मागतो आणि तो बसवताना नाकी नऊ येतात; एचपी १०२० ला एक जादा प्लगइन लागतं, पण तो चालतो. कॅनन असेल तर बिलं विंडोजमधूनच छापा, त्यात कमीपणा नाही.

याच वेळी ‘डिस्क्स’ उघडून लॅपटॉपची मूळ डिस्क दिसते का तेही बघा. दिसत नसेल तर बायोसमध्ये डिस्क चालवायची पद्धत इंटेल आरएसटी असण्याची शक्यता मोठी. ती एएचसीआय या दुसऱ्या पद्धतीवर न्यावी लागेल, पण थेट बदललं तर विंडोज चालू होणार नाही. आधी विंडोजमधून सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सोय करा, मग बायोसमध्ये बदला, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन ती सोय काढून टाका.

प्रत्यक्ष बसवणं

वार नीट निवडा. जीएसटीच्या ११ आणि २० तारखांच्या तोंडावर किंवा मार्चअखेरीला हे काढू नका. महावितरणचा वीज बंदचा मेसेज आला असेल तर पुढं ढकला. डेस्कटॉप यूपीएसवर हवा आणि लॅपटॉपचा चार्जर लावलेला हवा.

डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ वर डबल क्लिक करा. भाषा, कीबोर्ड, मल्टिमीडिया कोडेक्स हे पटापट पुढं. गाणी-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या कोडेक्सवर खूण असू द्या. सिक्युअर बूट चालू असेल तर इथं एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रिस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच द्यायचा असतो, म्हणून लिहून ठेवा.

यानंतर येणाऱ्या ‘इन्स्टॉलेशन टाइप’ च्या पडद्यावर मात्र माउसवरून बोट उचला. वरचा पर्याय ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर’, हा आपला. त्याखाली ‘इरेज डिस्क’, म्हणजे टॅलीसकट सगळं स्वाहा. विंडोजची डिस्क जोडलेली असूनही ‘अलाँगसाइड’ दिसतच नसेल तर पुढं जाऊ नका. विंडोज नीट शटडाउन झालेलं नाही किंवा पेन ड्राइव्ह दुसऱ्याच मोडमध्ये सुरू झालाय, हीच दोन कारणं बहुधा असतात. ‘समथिंग एल्स’ मध्ये आपली रिकामी जागा हातानं निवडता येते, पण पार्टिशनची यादी वाचता येत असेल तरच तिकडं वळा. पुढं बदलांची यादी दाखवून खात्री विचारली जाते; त्यात विंडोजच्या पार्टिशनला फॉरमॅट करायचं म्हटलेलं नाही ना, एवढं वाचूनच ‘कंटिन्यू’ करा.

नकाशावर कोलकाता येतं, ते बरोबर आहे. नाव आणि पासवर्ड द्या, चहा घेऊन या.

नंतरची डागडुजी

पेन ड्राइव्ह काढून मशीन सुरू केलं की मेनू दिसेल: मिंट आणि विंडोज. मेनू न येता थेट विंडोज उघडलं तर लिनक्स गेलं असं समजू नका. बायोसमध्ये बूटच्या क्रमात मिंट किंवा उबंटू असं नाव दिसेल, ते वर आणा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतरही कधी कधी हे करावं लागतं.

हमखास येणारी तक्रार घड्याळाची. लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की वेळ साडेपाच तास मागे दिसते आणि बँकेची पानं सर्टिफिकेटच्या नावानं अडून बसतात. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) छोट्या इंग्रजी अक्षरांत टाइम, डेट आणि सीटीएल हे सलग लिहा, जागा सोडून सेट-लोकल-आरटीसी, पुन्हा जागा सोडून १, आणि एंटर. एकदा केलं की पुरतं.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवा. इनस्क्रिप्टचा सराव असेल तर ‘मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’, उच्चाराप्रमाणे टाइप करायचं असेल तर ‘मराठी, कागापा’. श्रीलिपीतल्या जुन्या फॉन्टच्या फाइली मात्र इथं अगम्य दिसतील, त्यांना विंडोजमध्येच उघडा. विंडोजचे ड्राइव्ह मिंटमधून दिसतात, फोटो-गाणी खुशाल वापरा. टॅलीच्या डेटा फोल्डरला तिथून हात लावू नका.

मन बदललं तर लिनक्स काढणंही सोपं आहे. यूईएफआय मशीनवर बूटच्या क्रमात विंडोज वर आणा, एकदा सुरू होतंय याची खात्री करा, मग डिस्क मॅनेजमेंटमधून फक्त मिंटचं पार्टिशन पुसा आणि शेजारच्या ड्राइव्हला ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ नं ती जागा परत जोडा. लेगसी मशीनवर आधी विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हनं बूट दुरुस्त करून घ्या, पार्टिशन त्यानंतर पुसा.