बेळगावातून पोर्तुगालला: आधी कागद, मग बॅग

पोर्तुगालला जायचं ठरलं की आपल्याकडची पोरं पहिल्यांदा जॅकेट घेतात. जॅकेट तिथंही मिळतं, आणि स्वस्तात मिळतं. जन्मदाखला मिळत नाही.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या टूलरूमचा माणूस. आता मारीन्या ग्रांद या गावात साच्यांच्या वर्कशॉपमध्ये आहे. लिस्बनच्या उत्तरेचं हे गाव आधी काचेसाठी आणि पुढं प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डसाठी नावाजलेलं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून फोन येतात, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी कुठल्या वाटेनं जाताय ते बघा. टुरिस्ट व्हिसावर जायचं, तिथं काम धरायचं आणि मग रेसिडेन्सीचा अर्ज टाकायचा, ही जुनी वाट जून 2024 मध्ये सरकारनं बंद केली. अजूनही कोणी एजंट 'पोचल्यावर बघू' म्हणत असेल तर त्याच्या ऑफिसातला चहा पिऊन परत या. भारतात परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला परराष्ट्र खात्याची नोंदणी लागते आणि त्याची फी 30,000 रुपये अधिक जीएसटी यापुढं जाऊ शकत नाही. नोंदणी क्रमांक मागा आणि ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासा. दुसरा गैरसमज गोव्यावरून. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट आहे. आत्या म्हापशाला दिली आहे म्हणून आपल्याला नाही. आणि ज्यांना आहे त्यांनीही लक्षात ठेवावं, ते नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं.

आता कागद. सीमाभागातल्या माणसाचं दप्तर तीन भाषांत असतं. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, जुनी जन्मनोंद कन्नडमध्ये हातानं लिहिलेली, पासपोर्ट इंग्रजीत. पासपोर्टावर बापाचं नाव मधे, आधारवर गायबच, मार्क्सकार्डावर नुसती आद्याक्षरं. त्यात 1 नोव्हेंबर 2014 पासून गावाचं सरकारी नाव बदललं. त्याबद्दल आपलं काय ते मत आपल्यापाशी, पण जुन्या पासपोर्टावर एक स्पेलिंग आणि नव्या दाखल्यावर दुसरं, हे तिथल्या कारकुनाला समजावता येत नाही. त्याच्या लेखी ती दोन गावं. म्हणून टेबलावर सगळे कागद शेजारी शेजारी मांडा आणि नाव, जन्मतारीख, जन्मगाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. पासपोर्टात 'सरनेम'चा रकाना रिकामा असेल तर तो आधी भरून घ्या. तिथं माणसाला शेवटच्या आडनावानंच ओळखतात. बाकीच्या फरकांसाठी नोटरीचं ॲफिडेव्हिट करून ठेवा.

हस्तलिखित दाखल्याच्या जागी नवा छापील दाखला काढा, त्यावर कन्नडबरोबर इंग्रजी असतं. मग जन्मदाखला, आयटीआय किंवा डिप्लोमा आणि लग्नाचा दाखला, यांचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा परराष्ट्र खात्याचा शिक्का. भारत 2005 पासून अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळं अपोस्टील झालं की वकिलातीच्या वेगळ्या शिक्क्याची गरज उरत नाही. पण आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण लागतं, म्हणजे आपला मामला बेंगळुरूला. हातात वेळ ठेवूनच निघा. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मात्र सगळ्यात शेवटी काढा, ते ताजं लागतं.

लग्नाचं खास सांगतो. आपल्याकडं पत्रिका, फोटो आणि अख्खं गाव साक्षीला असतं, पण सब-रजिस्ट्रारकडं नोंद नसते. निघायच्या आधी ती करा. कुटुंबाला मागून बोलावण्याचे नियम 2025 मध्ये कडक झालेत, आणि नोंदीशिवाय तर तो विषयच निघत नाही.

लांब मुक्कामाचा व्हिसा चार महिन्यांचा असतो. तेवढ्यात 'आयमा' या खात्याकडून रेसिडेन्स कार्डाचं काम मार्गी लावायचं. 2023 पर्यंत ते काम 'सेफ' नावाचं खातं करायचं, त्यामुळं युट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून जाऊ नका. उतरल्यावर पहिलं काम 'नीफ', म्हणजे नऊ आकडी कर क्रमांक. तो नसला तर भाडेकरार नाही, बँक खातं नाही, मोबाइलचं पोस्टपेड नाही. दुकानात बिल करतानाही 'नीफ हवा का' म्हणून विचारतात. त्यानंतर सोशल सिक्युरिटीचा 'निस' नंबर आणि सरकारी दवाखान्यासाठी 'उतेंत' नंबर. पत्त्याचा पुरावा जुंता द फ्रेगेझियात मिळतो, ती त्यांची ग्रामपंचायतच म्हणा.

कचेरीत पोर्तुगीज कानावर पडली की पोरं गांगरतात. कशाला? घरी मराठी आणि तालुका कचेरीत कन्नड, असंच तर आपण वाढलो. कन्नड न येणारा आपला माणूस तहसीलदाराकडं जसा जातो तसंच जावा: फॉर्म आधी घरी आणा, भाषा येणाऱ्याकडून भरून तपासून घ्या, झेरॉक्स जास्तीच्या ठेवा, सकाळी लवकर जाऊन 'सेन्या', म्हणजे टोकन, घ्या. 'बों दिया' म्हटल्याशिवाय खिडकीवर बोलायला सुरुवात करू नका. ते न म्हणणारा माणूस त्यांना उद्धट वाटतो. ए-दोन पातळीपर्यंतची, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरती, भाषा पुढं कायमच्या रेसिडेन्सीला लागतेच, तेव्हा शिकणं पुढं ढकलू नका.

घराचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच सगळे फसतात. पोर्तुगाल म्हणजे ऊन, हे खरं, पण उन्हाळ्यात. पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि बहुतेक जुन्या घरांत सेंट्रल हीटिंग नसतं. जांबोटी-कणकुंबीकडं जुलैत भिंतींना जी ओल येते ती डोळ्यांसमोर आणा, आणि त्यात थंडी मिसळा. घर बघायला गेलात की हॉलचं कौतुक नंतर करा. बेडरूममधलं कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढायला सांगा आणि मागं मोबाइलची बत्ती मारा. काळे ठिपके दिसले, किंवा तेवढ्याच भागाला नवा रंग दिसला, तर समजा. बाथरूमला खिडकी आहे का, ऊन कुठल्या बाजूनं येतं, हेही बघा, उत्तरेकडं तोंड असलेल्या खोलीत जानेवारीत सूर्य येत नाही. जाहिरातीत घराचं एनर्जी सर्टिफिकेट द्यावंच लागतं, तो वर्ग वाचा. मीटरची मंजूर क्षमता विचारा. 3.45 केव्हीए असेल तर हीटर, गिझर आणि इंडक्शन एकदम लावल्यावर अंधार होणार. ओल शोषणारं यंत्र हीटरच्या आधी घ्या.

करार लेखी हवा आणि तो कर खात्यात नोंदलेला हवा. मालक 'नोंद नको, भाडं कमी करतो' म्हणाला तर नाही म्हणा. त्या कागदाशिवाय पुढचे कागद अडतात. जामीनदार म्हणजे 'फियादोर' मागतात. नवख्याकडं तो नसतो, मग डिपॉझिट जास्त मागतात. दारावरच्या टपालपेटीवर स्वतःचं नाव चिकटवा, आणि पत्ता लिहिताना मजला आणि डावी-उजवी बाजू लिहायला विसरू नका. सरकारी पत्रं टपालानंच येतात.

पगाराचं गणित आपल्यापेक्षा वेगळं. वर्षाला 14 पगार असतात, सुट्टीचा एक आणि नाताळचा एक जादा. 2025 मध्ये किमान पगार महिना 870 युरो होता. त्यातून सोशल सिक्युरिटीचे 11 टक्के कापले जातात. काही मालक दोन जादा पगार बारा महिन्यांच्या हप्त्यांत वाटतात, तेव्हा ऑफर ऐकताना 'बारा की चौदा' हे विचाराच. स्लिपवर कापलेले 11 टक्के खरंच भरले जातात का, ते सोशल सिक्युरिटीच्या पोर्टलवर स्वतः बघा. भारत आणि पोर्तुगालचा सामाजिक सुरक्षा करार 2017 पासून लागू आहे. भारतातल्या कंपनीनंच तुम्हाला तिकडं पाठवलं असेल तर पीएफ ऑफिसातून कव्हरेज सर्टिफिकेट घेऊन जावा, दोन्हीकडं कापलं जाणार नाही.

खाण्याचं फार सांगत नाही. हॉटेलात बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं, नको असेल तर हात न लावता परत द्या. शाकाहारी लोकांनी 'काल्दु व्हेर्द' हे पालेभाजीचं सूप मागवताना सॉसेजची चकती नको म्हणून सांगावं. भांडण झालं तर आवाज चढवू नका, 'लिव्हरु द रेक्लामासोंइश' मागा. ती तक्रारवही प्रत्येक दुकानात ठेवणं कायद्यानं सक्तीचं आहे, आणि नुसतं नाव काढल्यावर बरीच कामं होतात.

बॅगेत मसाले, शेंगदाण्याची चटणी, पापड चालतात. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आणता येत नाहीत, म्हणजे तूप गेलं, आणि कुंदा म्हणजे खवाच, तोही गेला. ताजा कढीपत्ताही अडवतात. गंमत म्हणजे नारळ आणि केळी चालतात. बाकी वाणसामान लिस्बनला मार्तीं मोनीश चौकातल्या दुकानांत मिळतं, तूरडाळीसकट, तेव्हा आईला सांगून डाळीची पिशवी बाहेर काढा आणि त्या जागी कागदांच्या झेरॉक्सचा दुसरा संच ठेवा.