मनगट मुरगळलंय की मोडलंय, कसं ओळखायचं
पावसात गाडी घसरली आणि हात टेकून पडलात, तर आधी अंगठी-बांगड्या काढा, नंतर सूज आली की निघत नाहीत. मग अंगठा वर ताणून धरा, त्याच्या मुळाशी दोन ताठ दोऱ्यांसारख्या कंडरांमध्ये (स्नायू हाडाला जोडणाऱ्या) खळगा दिसतो ना, तिथे हलकंच दाबून बघा. कळ आली तर नुसती मुरगळ समजू नका, मनगटातलं अंगठ्याच्या बाजूचं छोटं स्कॅफॉइड हाड मोडलेलं असू शकतं, आणि पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून आधाराची पट्टी बांधून १०-१४ दिवसांनी एक्स-रे परत काढतात. या हाडाला रक्तपुरवठा कमी, दुर्लक्ष केलं तर जुळणारही नाही कदाचित हो. डॉक्टरांना दाखवेपर्यंत फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं बर्फ, हात उशीवर उंच. मालिश अजिबात नको! बोटं बधिर, पांढरी पडली किंवा मनगट वाकडं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.