चार सुट्ट्यांपासून सुरुवात: कामाच्या जागेची रीत सगळ्यांनी मिळून ठरवताना

सगळ्यांना सामावून घेणारी कार्यसंस्कृती हवी असं वरून ठरलं की आधी पोस्टर छापलं जातं. मग एक दिवसाचं प्रशिक्षण होतं आणि महिन्याभरात पोस्टरवर पार्किंगची सूचना चिकटते. त्यापेक्षा एकच निर्णय निवडा, पण तो खरोखर सगळ्यांकडून ठरवून घ्या. 40 ते 150 माणसांचं कार्यालय, दुकान किंवा गोदाम असेल तर असा निर्णय कायद्यानेच तुमच्या हातात दिला आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. बऱ्याच ठिकाणी ही यादी गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवली जाते आणि कोणाला विचारायचं असतं हेच कोणाच्या गावी नसतं.

सुट्ट्यांचा विषय पहिला घ्यायचं कारण व्यवहारी आहे. चार दिवस द्यायचेच आहेत, खर्च वाढत नाही. प्रत्येकाला त्यात काहीतरी म्हणायचं असतं आणि निकाल दोन-तीन आठवड्यांत भिंतीवर दिसतो.

माणसं मोजा, पगारपत्रक नको

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आवारात काम करणाऱ्या प्रत्येकाची यादी करा. ठेकेदाराकडची हाउसकीपिंगची माणसं, सिक्युरिटी, हमाल, ड्रायव्हर, ट्रेनी, रात्रपाळीचे हे सगळे त्यात हवेत. पगारपत्रकावरून यादी केली तर नेमकी हीच माणसं गळतात.

मग सहा ते आठ जणांचे गट करा. एका गटात साधारण एकाच पातळीची माणसं असावीत आणि त्यांचा सुपरवायझर खोलीत नसावा. तो बसला की तीच दोन तोंडं बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. वेळ 40 मिनिटं, कामाच्या वेळेत, पगारी. काम सुटल्यावर बैठक ठेवली तर कंपनीची बस पकडणारे, पाळणाघरातून मूल घ्यायला जाणाऱ्या बाया आणि तासावर पैसे मिळणारे येत नाहीत. नंतर तुम्हीच म्हणता, त्यांना रस नव्हता. रात्रपाळीची बैठक रात्रीच घ्या.

“काही सूचना आहेत का?” असं विचारलं की शांतता पसरते. प्रश्न नेमका हवा: कोणत्या चार दिवशी तुम्हाला घरी असायलाच हवं? पुढच्या वर्षाचं मोठं कॅलेंडर भिंतीवर लावा आणि प्रत्येकाला चार टिकल्या द्या. लिहिता-वाचता येवो न येवो, टिकली लावता येते. भाषा ज्या त्या गटाची. हिंदीत बोलणाऱ्यांच्या बैठकीचं टिपण हिंदीतच घ्या.

नुसत्या बहुमतावर सोडू नका

टिकल्या मोजून वरचे चार दिवस घेतले तर गणेश चतुर्थी, दसरा आणि दिवाळीचे दोन दिवस निघतील. दर वर्षी तेच. ईद, नाताळ, बुद्ध पौर्णिमा, 14 एप्रिल, छठ हे सगळं दर वर्षी बाहेर. हरणाऱ्यांना दुसऱ्याच वर्षी कळतं की बैठक नावापुरती आहे, आणि ते टिकल्या लावणं सोडतात. म्हणून नियम आधी ठरवा आणि मोजणीपूर्वी वाचून दाखवा: तीन दिवस सर्वाधिक टिकल्यांचे. चौथा दिवस, ज्यांचा एकही दिवस पहिल्या तिनांत आला नाही अशांच्या टिकल्या वेगळ्या मोजून. पुढच्या वर्षी चौथा दिवस दुसऱ्या सणाकडे जाईल.

तरीही कोणीतरी उरतंच. याच कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत. यादीत नसलेल्या सणासाठी महिनाभर आधी अर्ज केला तर ती रजा नाकारायची नाही, असं लेखी ठरवा. ईदची तारीख चंद्रदर्शनावर एक दिवस सरकते, तेव्हा पाळीच्या तक्त्यात दोन्ही तारखा मोकळ्या ठेवा. छठचं गणित निराळं आहे. बिहारला जाऊन यायचं तर एका दिवसाच्या सुट्टीचा उपयोग शून्य, आठ-दहा दिवसांची सलग रजा लागते. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणून मंजुरी त्याच्याही आधी हातात पडायला हवी. आदल्या आठवड्यात रजा मंजूर करणं म्हणजे न देणंच.

निर्णय सात दिवसांच्या आत मराठीत आणि हिंदीत, ठळक अक्षरांत लावा. मागितलेल्या पण न मिळालेल्या प्रत्येक दिवसापुढे कारण लिहा. हा भाग सर्वात जास्त टाळला जातो, आणि पुढच्या बैठकीला कोण येणार हे त्यावरच ठरतं.

दसऱ्याच्या पूजेची वर्गणी पगारातून परस्पर कापत असाल तर ते याच महिन्यात बंद करा. पूजा होऊ द्या, वर्गणी ऐच्छिक ठेवा आणि कोणी दिली नाही याची यादी फिरवू नका.

मतदानाला काय टाकायचं नाही

सगळ्यांनी मिळून ठरवायचं म्हणजे सगळंच मताला टाकायचं असं नव्हे. झाडूवाल्या बाईंना चहा वेगळ्या कपात, पाणी वेगळ्या माठातून, डबा खायला जिन्याखाली जागा, आडनाव विचारून ‘म्हणजे तुम्ही कोण?’ अशी चौकशी, परप्रांतीय माणसाला नावाऐवजी ‘ए भैय्या’: यावर चर्चा नको. ते त्याच दिवशी थांबवायचं. राज्यघटनेच्या 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि ती पाळणं गुन्हा आहे. तिथे बहुमताचा प्रश्नच येत नाही. सुरुवात सोपी आहे: सगळे कप एकसारखे घ्या.

लैंगिक छळाच्या तक्रारींचंही तसंच. 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच आणि शाखा वेगळ्या असतील तर प्रत्येक शाखेत. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेतून. तक्रार तीन महिन्यांत द्यायची (कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते), चौकशी 90 दिवसांत संपवायची. ठेकेदाराकडच्या आणि ट्रेनी महिलांनाही हा कायदा लागू आहे, पण हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. समितीची नावं महिलांच्या स्वच्छतागृहात आतल्या बाजूला लावा, तिथे ती निवांत वाचता येतात. मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, हेही तिथेच लिहा.

तक्रारपेटी आणि समिती

तक्रारपेटी रिकामी राहते कारण ती एचआरच्या दारात, कॅमेऱ्याखाली टांगलेली असते आणि किल्ली साहेबांकडे असते. जिथे कॅमेरा नाही आणि सगळ्यांचं येणंजाणं आहे अशा जागी हलवा. दोन कुलपं लावा, एक किल्ली कामगार प्रतिनिधीकडे. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दोघांसमोर उघडा. लैंगिक छळाची चिठ्ठी आहे असं दिसलं की ती पुढे न वाचता थेट अंतर्गत समितीकडे द्यायची, बाकीच्यांवर काय केलं ते फलकावर लिहायचं.

20 किंवा अधिक कामगार असतील तर औद्योगिक संबंध संहिता 2020 तक्रार निवारण समिती सांगते: जास्तीत जास्त दहा सदस्य, मालक आणि कामगार यांचे समसमान, अध्यक्षपद वर्षाआड आलटून पालटून, आणि महिलांचं प्रमाण कामगारांमधल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी नको. प्रतिनिधी व्यवस्थापनाने नेमले तर ही समिती कागदावरच राहते.

दुसरा विषय: जागा

सुट्ट्यांची यादी लागली की स्वच्छतागृह, जेवणाची जागा आणि पायऱ्या घ्या. रॅम्पचा उतार 1:12 हवा. म्हणजे 15 सेंटिमीटरच्या पायरीसाठी 1.8 मीटर लांबी. जागा नाही म्हणून एक मीटरचा रॅम्प केला तर व्हीलचेअरवरच्या माणसाला तो एकट्याने चढता येत नाही आणि उतरताना तोल जातो. दाराची मोकळी रुंदी 90 सेंटिमीटर ठेवा. बांधण्याआधी खडूने जमिनीवर आखून, जो वापरणार आहे त्याला दाखवा. रॅम्प झाल्यावर तिथे दुचाक्या लागतात, म्हणून सिक्युरिटीच्या कामाच्या यादीत ‘रॅम्प मोकळा’ ही ओळ घाला.

एक धोका शेवटी. बैठकीत बोललेला ठेकेदाराचा माणूस पुढच्या महिन्यात दिसेनासा होतो आणि ठेकेदार सांगतो, गावी गेला. त्यामुळे ठेक्याच्या करारात कलम घाला की बैठकीनंतर सहा महिन्यांत माणूस बदलायचा असेल तर लेखी कारण द्यायचं. आणि दर तीन महिन्यांनी पहिल्या यादीतली नावं गेटच्या रजिस्टरशी ताडून पाहा.