तुतीच्या पानांची पावडर: कशी करायची, कशी घ्यायची

पांढऱ्या तुतीची, म्हणजे रेशीमकिडे खातात त्याच झाडाची, शेंड्याकडची कोवळी पानं घ्या. जून पानांपेक्षा त्यांच्यात डीएनजे नावाचं द्रव्य जास्त असतं आणि जेवणानंतर रक्तातली साखर एकदम वाढू न देण्याचं खरं काम तेच करतं. पानं धुवून सावलीत एकेक पसरून वाळवा, देठ चुरगाळल्यावर कडकन मोडला की झालं, नाहीतर पावडरीला बुरशी धरते. मग मिक्सरमधून काढून चाळायची आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरायची.

डीएनजेमुळे आतड्यात स्टार्चची साखर होण्याचा वेग कमी होतो, म्हणून पावडर जेवणाच्या जरा आधी किंवा जेवणासोबतच घ्यायची, नंतर दोन तासांनी घेऊन काय उपयोग! आधी अर्धा चमचाच, कोमट पाण्यात किंवा चहासारखी चार-पाच मिनिटं मुरवून. चव थोडी गवतासारखी लागते, लिंबू पिळलं की चालून जाते. सुरुवातीला गॅस, पोट फुगणं होऊ शकतं.

डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, कारण शुगर एकदम खाली जाऊ शकते. प्रेग्नन्सीतही टाळा. आणि गोळ्या बंद करून हीच घेतो असं तर मुळीच करू नका.