कॅराव्हॅन ओढताना डिझेल वाचवायचं तर
गाडीमागे कॅराव्हॅन (ओढून न्यायचं चाकांवरचं घर) जोडली की ॲव्हरेज पडणारच. पण किती पडू द्यायचं, ते बरंचसं तुमच्या उजव्या पायावर आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 80 ऐवजी 100 ने गेलात, तर तो दीडपटीहून जास्त होतो, आणि कॅराव्हॅनचं सपाट तोंड म्हणजे चालती भिंतच. म्हणून नाशिक हायवेला भिवंडी मागे पडून रस्ता मोकळा मिळाला, तरी 70-80 च्या पुढे जाऊ नका. ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये जे जळतं त्यावर उपाय एकच, पहाटे निघा.

पाण्याची टाकी मुंबईतून भरून नेऊ नका. 100 लिटर म्हणजे 100 किलो, ते कसारा घाट चढवायचं कशाला? इगतपुरीला भरा. जड सामान मात्र एक्सलच्या आसपास, किंचित पुढे ठेवा. मागे लादलंत तर कॅराव्हॅन झोकांड्या खाते.

टायरची हवा थंड असतानाच तपासा, कॅराव्हॅनचीसुद्धा (ती हमखास विसरली जाते). पहिल्या चहाला थांबलात की कॅराव्हॅनच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध हात नुसता जवळ न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त तापलं असेल, तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग गेलंय. आधी गॅरेज गाठा.