पावसाळ्यात रेझिनच्या राख्या चिकट राहत होत्या: माझा अनुभव

रेझिन म्हणजे हार्डनर नावाच्या दुसऱ्या द्रवात मिसळून साच्यात ओतलं की कडक होणारं द्रव. साताऱ्यात आषाढ-श्रावणात त्यापासून ओतलेल्या राख्या आणि कीचेन दोन दिवसांनीही बोटाला चिकटत. ऑर्डर तोंडावर असताना जाम वैताग आला. पंखा, ऊन, हार्डनर थोडा जास्त घालणे, कशानेच फरक पडला नाही. जास्तीचा हार्डनर उलट घात करतो, कारण तो शिल्लक उरतो आणि माल मऊ राहतो.

आधी नख दाबून बघा. खळगा पडला तर प्रमाण किंवा ढवळणं चुकलंय. तो माल टाकूनच द्या. नुसता वर तेलकट थर असेल तर तो दमट हवेने आलाय. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुतला की निघतो.

आता क्रम असा. बाटलीवरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते वाचा. वजनाने ३:१ असेल तर ०.१ ग्रॅमच्या काट्यावर ३० ग्रॅम रेझिनला १० ग्रॅम हार्डनर. रेझिनची बंद बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून कोरडी पुसा. कडा आणि तळ खरवडत चार मिनिटं सावकाश ढवळा, मग दुसऱ्या कोऱ्या कपात ओतून आणखी एक मिनिट. खरी मेख या दुसऱ्या कपात आहे: पहिल्याच्या कडेला न मिसळलेलं रेझिन राहतं. मिश्रण साच्यात ओतलं की साचा लगेच सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या) पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा. २४ तासांनी काढा, पण दोरा ७२ तासांनंतरच.

हातमोजे घालाच, खिडकी उघडी, आणि स्वयंपाकाची भांडी अजिबात नाहीत.